रंगभवन मुकं झालं, पोरांनी वाजवायचं कुठे?

संपादक महोदय,

मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहावरून गेलो की पाय आपोआप मंदावतात. १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या इथल्या रॉक महोत्सवातली मोठी नावं सगळ्यांना आठवतात. मला आठवतात ती नव्वदीतली पंधरा-सोळा वर्षांची, पंक म्हणजे साधं, धसमुसळं रॉक वाजवणारी आमच्यासारखी पोरं. तीन कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) आल्या की बँड तयार, हीच पंकची ताकद.

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर तालीम चाले. अॅम्प्लिफायर परवडत नव्हता, म्हणून बाबांच्या टेपरेकॉर्डरला गिटारची वायर जोडायची. एकदा त्याचा स्पीकर फाटला आणि जो खरखरीत आवाज आला, तोच आम्हाला हवा होता! तार तुटली की फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानातून तेवढी एकच सुटी तार आणायची. ड्रमच्या पोटात आजीची गोधडी कोंबलेली, तरी खालच्या काकू काठीने छत ठोकत. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी त्याच काकूंनी थालीपिठांचा डबा हातात दिला होता.

पुढे जवळच इस्पितळ, न्यायालय, कॉलेज म्हणून परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. रुग्णांना त्रास नको, हे मान्यच. पण आजच्या अशा मुलांना दुसरी जागा कोणी दिली? पबमध्ये त्यांना प्रवेश नाही, सभागृहाचं भाडं झेपत नाही. महापालिकेने आपल्या एखाद्या शाळेचं सभागृह रविवारी दुपारी त्यांना द्यावं. आवाज बाहेर जाऊ नये यासाठी लागणारा खर्च आम्ही जुने वादक वर्गणी काढून करू.

— एक जुना गिटारवादक, गिरगाव