आधी रश्श्याची पिशवी बघा

मा. संपादक,
स. न.

‘प्लॅस्टिकमुळे वंध्यत्व’ असा मथळा कालच्या पुरवणीत छापताना, मूल होत नाही म्हणून आधीच खचलेल्या घरांचा विचार करायला हवा होता. ज्या न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासाचा दाखला दिलात, त्यात माणसांचे २३ आणि कुत्र्यांचे ४७ वृषण तपासले होते. प्लॅस्टिक सगळ्यांत सापडलं, माणसांत कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट. पण शुक्राणू मोजले ते फक्त कुत्र्यांचे. माणसांचे नमुने जतन करून ठेवलेले, त्यात ते मोजता येत नव्हते. कुत्र्यांतही पीव्हीसी (प्लॅस्टिकचा एक प्रकार) जास्त तिथे शुक्राणू कमी, एवढंच दिसलं. कारण सिद्ध झालेलं नाही.

म्हणून निर्धास्त राहावं असं मुळीच नाही. पण ‘प्लॅस्टिक टाळा’ म्हणून लेख संपवलात. कोल्हापुरात रोज रात्री उकळता तांबडा-पांढरा रस्सा प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत ओतून, गाठ मारून हातात दिला जातो, त्यावर एक ओळ नाही. गरम आणि तेलकट पदार्थात प्लॅस्टिकमधली रसायनं जास्त उतरतात, आणि रश्श्यात दोन्ही आहे. स्टीलची किटली न्या. पार्सलच्या पिशव्या बऱ्याचदा आधीच भरून ठेवलेल्या असतात. त्यातलीच फोडून किटलीत ओतली तर काही उपयोग नाही. पातेल्यातून पळीनं थेट घ्या. कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या चाचणीत १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० कण उतरले. चहा काचेच्या ग्लासातच मागा.

त्याच पानावर ‘३० दिवसांत शुक्राणू वाढवा’ अशी चूर्णाची जाहिरात! शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. ही जाहिरात घेतलीच कशी? त्या जागी वीर्यतपासणीची माहिती द्यायची होती: आधी २ ते ७ दिवस संबंध नको, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत, आणि वाटेत तो गार होऊ द्यायचा नाही. उशीर झाला की शुक्राणूंची हालचाल कमी दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या खाली संख्या आली तरी एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये, तपासणी पुन्हा करावी. आणि बायकोच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत नवऱ्याची ही साधी तपासणी थांबवून ठेवू नये.

खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावा.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर