सांधा दिसतोय

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर बाबा सगळ्याला "हो, हो" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर आईला विचारतात, "काय म्हणत होती?" म्हणून हे पत्र.

रेसिडेन्सीचे, म्हणजे कारागिरांबरोबर राहून काम करायच्या या मुक्कामाचे, सहा आठवडे झाले. निघताना बाबांनी विचारलं होतं, "तिथे कोण कोणाला शिकवणार?" मी चित्र काढणार आणि तांबटकाका ते तांब्यात करून देणार, असं तेव्हा माझ्या डोक्यात होतं. पहिल्याच दिवशी काकांनी माझा कागद दोनदा फिरवून पाहिला. शंखासारखा आकार, पोट मोठं, तोंड अरुंद. म्हणाले, "छान आहे. पण आत हातोडा कुठून घालायचा?"

गप्पच बसले.

मग दोन अर्धुकं करून जोडायचं ठरलं. सपाट पत्रा ठोकत ठोकत खोलगट करायचा. तांबं ठोकलं की कडक होत जातं, मग ते लालसर होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं. मला वाटलं, पाण्यात टाकल्यावर आणखी कडक होणार, पोलादाचं होतं तसं. तांब्याचं उलटं. तापलं की ते मऊ पडतं आणि पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं, वर धरलेली काळी खपली तेवढी सुटते. हे दर थोड्या वेळाने करावं लागतं. एकदा मी कंटाळून तापवणं टाळलं, "एवढा एक फेरा होऊन जाऊ दे" म्हणून. काठाला बोटभर चीर गेली. काकांनी ओरडायला हवं होतं, पण त्यांनी नुसता पत्रा बाजूला ठेवला आणि नवा कापायला घेतला. ते जास्त लागलं.

आता मठारकाम शिकतेय. हातोड्याचे ठसे एकाला एक लागून, मधून सुरुवात करून गोलगोल बाहेर न्यायचे. खालचा लोखंडी दांडा नेमका टेकला असेल तर आवाज टणक येतो, मध्ये पोकळी राहिली की फुसका. काका माझ्याकडे पाठ करून बसतात आणि तिथूनच म्हणतात, "दोन बोटं डावीकडे."

पण तेच काका समोर उभं राहून बोललं तरी दोनदा विचारतात. आठ-आठ तास 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज ऐकला की कान हळूहळू जातातच, आणि इथला ठोकाठोकीचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. मी कानात घालायचे बोळे आणून दिले. एक दिवस घातले, मग म्हणाले, "पत्र्याचं ऐकू येत नाही." बाबा, तुमची कारणं याहून कच्ची आहेत.

सध्या आमचं भांडण सांध्यावरून आहे. दोन्ही काठांना दाते कापून एकमेकांत अडकवले, टाकणखार लावून डाख दिला. दात्यांची ती पिवळसर नागमोडी रेघ मला इतकी आवडली की म्हटलं, घासू नका, दिसू दे. काकांना ते अर्धवट काम वाटतं. प्रदर्शनाच्या पाटीवर दोघांची नावं यावीत म्हणून मी व्यवस्थापकांशी चांगलीच हुज्जत घातली. त्यांच्या नमुन्यात "कलाकार" ही एकच ओळ होती. शेवटी ते कबूल झाले, आणि आता काकाच नको म्हणताहेत. "सांधा दिसतोय. लोक म्हणतील, याला जोडता येत नाही."

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आई, तुला सुचलं तर कळव. तू अशा माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली आहेस.

डाव्या मनगटावर भाजलंय थोडंसं, खपली धरली आहे. आल्यावर पाहून आरडाओरडा करू नका. आणि बाबांचं कानाचं मशीन कपाटातल्या डबीत असेल, त्याचा सेल बदलून घ्या. येताना शंखाचं एक अर्धुकं आणणार आहे, तेच चीर गेलेलं. ते वाजवून दाखवीन.

तुमची,
धाकटी

ता. क. हे पत्र बाबांनी आधी वाचायचं.