सद्या, डबा सापडला

बेळगाव,
सोमवार रात्र

प्रिय सद्या,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि माझ्याकडून एक ओळ नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. मी बरा आहे, गुडघा तसाच, आईची शुगर आटोक्यात.

आपला डबा सापडला. जिओकॅशिंगचा, म्हणजे डबा लपवून जागेचे आकडे इंटरनेटवर देण्याच्या आपल्या खेळातला, २०१३ च्या दिवाळीत मामांच्या बांधाला, धबधब्याच्या वाटेवर ठेवलेला. मामींना भेटायला गेलो होतो. जांबोटी सोडल्यावर पाऊस लागला तो थांबलाच नाही, तरी राहवेना. मोबाइलवर तेच अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकले आणि निघालो. झाडीत शिरल्याबरोबर बाण भिरभिरायला लागला. एकदा ओढ्यापलीकडे दाखवी, एकदा माझ्या पाठीमागं. दाट पानांतून उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही, शेवटची वीस पावलं डोळ्यांनी शोधायची, हे तूच शिकवलंस. (त्याच दिवशी कंपास उलटा धरून आम्हाला मामांच्या शेणखड्ड्यावर नेलं होतंस, तेही विसरलो नाही.) मग तुझी खूण आठवली : ‘जिथं पाणी ऐकू येतं पण दिसत नाही.’ तिथं उभा राहिलो, दगडाखाली हात घातला आणि बोटांना झाकणाची कड लागली. पोटरीला दोन जळवा होत्या. मामींनी दिलेलं मीठ खिशात होतं, पण ते आठवायला वेळ लागला.

झाकणाचं रबर एका बाजूनं सुटलेलं. आत मुंग्यांची अंडी, तुझी निळी गोटी, एसटीचं तिकीट भिजून लगदा झालेलं. वहीत मी बॉलपेननं लिहिलेलं सगळं पसरून जांभळं झालंय. तू शिसपेन्सिलीनं लिहिलेलं जसंच्या तसं. मी भांडलो होतो, पेन्सिल पोरांची म्हणून. तू बरोबर होतास.

पण पत्र त्यासाठी नाही. मागच्या पानावर तिसऱ्याच कुणाचं तरी अक्षर आहे. कन्नड. मी एकेक अक्षर लावत वाचलं : ‘इदु यारदु?’ हे कुणाचं आहे? खाली तारीख. पुढच्या पानावर दुसऱ्या वर्षी तेच, मग तिसऱ्या वर्षी. पहिल्यांदा अक्षर रेघ सोडून डोंगर चढल्यासारखं, शेवटच्या वेळी अगदी सरळ, वळणदार. तीन वर्षं कुठलं तरी लेकरू त्या डब्याशी येतंय, विचारतंय आणि कुणी उत्तर देत नाही. दर वेळी काहीतरी घेतलंय आणि काहीतरी ठेवलंय, हा खेळाचा नियम त्याला कुणीही न सांगता. आत एक चॉकलेटी बटण आहे, शिंपला आहे आणि चावलेल्या टोकाची अर्धी पेन्सिल.

सद्या, आपली चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत होती. तू म्हणाला होतास, कन्नडमध्येही लिहू, वाटेवरचं पोर कुठल्या शाळेत जातं आपल्याला काय माहीत. मी काय बोललो तेही तुला आठवत असेल. तेव्हा डोक्यात सीमाप्रश्न आणि मोर्चे होते. तू गप्प बसलास आणि आठ दिवस बोलला नाहीस. मी ती गोष्ट मिटली असं समजून चाललो होतो. ती डब्यात होती.

हवाईला गेलास तेव्हा हिलोजवळच्या त्या बागेबद्दल लिहिलं होतंस. लुटकेनहाऊस नवरा-बायकोनं १९७७ मध्ये जागा घेतली, १९८४ मध्ये लोकांना खुली केली, ओनोमियाच्या धबधब्यापर्यंत वाट, झाडांपुढं नावांच्या पाट्या. काल तेच आठवत राहिलं. आपणही पाटी ठेवली होती, पण त्या पोराला वाचता येणार नाही अशी.

आता अडचण ऐक. रविवारी धबधब्यावर पन्नासेक गाड्या होत्या, बाटल्या, मोठ्यानं गाणी. आकडे जिओकॅशिंगच्या पानावर अजून आहेत. गर्दी आपल्यामुळे आली असं नाही, पण माझं मन खातं. पान आर्काइव्ह करावं, म्हणजे खेळाच्या यादीतून काढावं, असं मला वाटतं. खातं तुझ्या नावावर, पासवर्ड तुझ्याकडे. ३ मे २००० ला ऑरेगॉनमध्ये डेव्ह उल्मरनं बादली लपवून आकडे जगाला दिले आणि हा खेळ सुरू झाला, हे तू चुलीपाशी रंगवून सांगायचास. आपण तेवढे आकडे परत घेऊ. डबा मात्र काढवत नाही. जागा मामांची, मामी म्हणाल्या राहू दे की, काय खातोय? मग तो खेळातला डबा राहणार नाही, त्या लेकराचा राहील. पोर कुणाचं ते मामींनाही ठाऊक नाही; मी चौकशी लावली नाही, लावावी का सांग.

धाकटीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. नव्या घराचं काम कुठवर आलं? मामी विचारत होत्या, सद्या कधी येतो.

एक कर. चार ओळी कन्नडमध्ये लिहून पाठव, डबा कुणाचा, का ठेवला. माझं कन्नड कामापुरतं आहे, तुझं चांगलं. पुढच्या रविवारी नवं रबर लावून ठेवून येतो. पेन्सिलीनंच लिही.

तुझा,
विन्या