केस वाढले, खूण झाकली गेली

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डोक्याला मार लागलेल्या मुलांविषयी एका शिक्षकांचा लेख कालच्या अंकात वाचला. लहान मुलाचा मेंदू लवचीक असल्यामुळे इजा लवकर भरून येते, तेव्हा पालकांनी वर्षानुवर्षे सवलती मागत राहू नये, हा त्यांचा सूर वाचून मी फार अस्वस्थ झाले, कारण हेच मी माझ्या मुलाच्या शाळेत ऐकत आले आहे.

माझा मुलगा 8 वर्षांचा असताना जिन्यावरून पडला आणि दोन दिवस बेशुद्ध होता. तो शाळेत परतला तेव्हा सर्वांनी त्याला मनापासून जपले, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. पुढे केस वाढून टाक्यांची खूण झाकली गेली आणि शाळेच्या लेखी अपघात तिथेच संपला. चौथीपर्यंत फारसे काही जाणवले नाही. सहावीत मात्र एका वेळी तीन सूचना दिल्या की त्याला एखादीच आठवे, दुपारनंतर तो बाकावर डोके टेकवी, वर्गात गोंगाट झाला की चिडून ओरडे. प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘क्षमता आहे, पण आळशी आहे.’ मी रुग्णालयाचे कागद घेऊन वर्गशिक्षिकांना भेटले, तर त्या म्हणाल्या, “अहो, त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली!”

नेमके हेच समजून घ्यायला हवे. कामाची आखणी करणे, लक्ष टिकवणे, मनाला आवर घालणे ही कामे मुख्यतः कपाळामागच्या ज्या भागाकडे असतात, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. आठव्या वर्षी तिथे इजा झाली, तर त्या वयात त्या भागावर फारसा भार नसल्याने उणीव दिसत नाही. अभ्यास वाढतो, विषय आणि शिक्षक वाढतात, तेव्हा ती उघडी पडते. साध्या धक्क्यातून बहुतेक मुले महिन्याभरात सावरतात हे खरे आहे, परंतु गंभीर इजेला तोच नियम लावता येत नाही, आणि फार लहान वयात झालेली इजा पुढच्या शिकण्याला उलट जास्त बाधक ठरू शकते. अमेरिकेच्या विशेष शिक्षणविषयक कायद्यात अशा इजेला 1990 साली स्वतंत्र गट दिला गेला. आमच्या शाळेत मात्र तिला आळस हे नाव मिळाले.

मी परीक्षेत गुण वाढवून मागितले नव्हते. एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर लिहून, दुपारी दहा मिनिटांची विश्रांती, उत्तराला थोडा जास्त वेळ आणि मुलगा वरच्या वर्गात गेला की त्याच्या इजेची नोंद नव्या शिक्षकांकडे पोहोचणे, एवढेच मागत होते. ही शेवटची गोष्ट तर बिनखर्चाची, तरीही दर जूनमध्ये मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, आणि दर वेळी समोरच्या चेहऱ्यावर मी मुलाची बाजू सावरते आहे असाच भाव दिसला.

आणखी एक तक्रार आपल्याकडे आहे. लेखासोबत आपण डोक्याला पट्टी बांधलेल्या मुलाचे छायाचित्र छापले आहे. पट्टी होती तोवर माझ्या मुलाशी कोणीही कठोर वागले नव्हते. पुन्हा या विषयावर लिहाल तेव्हा कृपया वर्गात इतरांसारख्याच दिसणाऱ्या, अंगावर कुठलीही खूण नसलेल्या मुलाचे छायाचित्र छापावे.

आपली,
एक पालक