टिनाच्या घरांत राहणाऱ्या सिकलसेल रुग्णांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सिकलसेल हा आजार आई-वडिलांकडून येतो आणि विदर्भात तो बौद्ध, आदिवासी व काही इतर मागासवर्गीय समाजांत अधिक आढळतो, हे नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. मात्र आजार रक्तातलाच आहे, तेव्हा करण्यासारखे काही उरत नाही, हा समज आमच्या वस्ती मंडळाला मान्य नाही. शरीरातले पाणी कमी झाले की विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. त्यामुळे हाच आजार असलेल्या दोन मुलांपैकी कोणाला उन्हाळ्यात वारंवार भरती व्हावे लागेल, हे पुष्कळदा घराचे छप्पर, पाण्याची सोय आणि आई-वडिलांची रोजी यांवर ठरते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तो साऱ्या शहरासाठीच. पण आमच्या वस्तीत पट्टे, म्हणजे जागेच्या हक्काचे कागद, नाहीत, म्हणून घरोघरी नळ नाहीत, आणि उद्या घर राहील की नाही याची खात्री नसल्याने कोणी स्लॅब टाकत नाही. दुपारी टिन तडतडू लागते, प्लास्टिकच्या ड्रममधले पाणी इतके तापते की ज्या मुलाने दिवसभर भरपूर पाणी प्यायला हवे तेच मूल ते तोंडाला लावत नाही. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, पण त्या आणायच्या आणि वेळोवेळी रक्त तपासून घ्यायचे तर हमालीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या पालकाचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ते काम मोलाचेच आहे. तपासणीनंतर रुग्ण ज्या खोलीत परततो, ती खोली मात्र तपासणीच्या कागदावर येत नाही.

म्हणून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्यापूर्वी रुग्ण असलेल्या घरांच्या टिनांवर पांढरा थर देण्याचे आम्ही ठरवले आहे. त्याने आतली उष्णता काही अंशांनी उतरते. आजार बरा होतो, असा आमचा दावा नाही. यासाठी चुना, पांढरे सिमेंट, ब्रश व शिड्या, प्रत्येक घरासाठी तोटीचा माठ आणि दवाखान्याच्या दिवशी बुडणाऱ्या रोजाची भरपाई म्हणून निधी हवा आहे. कूलर मात्र कृपया देऊ नयेत. त्याला लागणारे पाणी आणि येणारे वीजबिल या घरांना झेपत नाही.

वस्तू आणि देणग्या एप्रिलअखेरपर्यंत दर रविवारी सकाळी मंडळाच्या समाजभवनात स्वीकारल्या जातील व प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल. रंगकामासाठी येऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी सकाळी सहालाच यावे. नऊनंतर टिनावर पाय ठरत नाही.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
वस्ती मंडळ, नागपूर