‘नाव गुप्त ठेवले जाईल’, पण ई-मेलचे काय?

संपादक महोदय,

रेशन, पीक विमा, घरकुल यांतील गैरप्रकार ई-मेलने कळवा, कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल, अशी सरकारी निवेदने हल्ली वरचेवर छापून येतात. हेतूबद्दल शंका नाही. मी सेलूत संगणकाचे वर्ग चालवतो. एमएस-सीआयटीला येणाऱ्या पोरांपासून बचत गटाच्या बायांपर्यंत अनेकांचे पहिले जीमेल खाते माझ्यासमोर निघाले आहे. त्यावरून सांगतो, खोट्या नावाने खाते काढून तक्रार धाडणारा स्वतःला समजतो तेवढा झाकलेला नसतो.

खाते काढताना बहुधा मोबाइल नंबर द्यावा लागतो आणि सिम घेताना आपण आधार दिलेले असते. तेव्हा ‘जागरूक शेतकरी’ असे नाव टाकले तरी मेल कंपनीकडे नंबर, लॉगिनची वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) हे सगळे जमा होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ते मागू शकतात. त्यालाही माझी हरकत नाही. १ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या शंभराहून जास्त शाळांना बॉम्बच्या धमकीचे मेल आले. असल्यांचा माग काढायलाच हवा.

पण खेड्यातला तक्रारदार पोलिसांना भीत नाही. तो भितो दुकानदाराला, नाहीतर ग्रामपंचायतीत ज्याची चलती आहे त्याला. आमच्या भागातल्या एका गावात धान्य कमी मिळते म्हणून एकाने टोपणनावाने मेल केला. कार्यालयाने वर ‘खुलासा सादर करावा’ एवढी एक ओळ लिहून तो जसाच्या तसा खाली फॉरवर्ड केला. दोन-तीन टेबले फिरून मेल दुकानदाराच्याच मोबाइलवर पोहोचला. त्याच्या पुतण्याने मेलचा पत्ता गुगलच्या ‘पासवर्ड विसरलात?’च्या पानावर टाकला. तिथे नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे दोन आकडे दिसतात, बाकीच्या जागी ठिपके. शहरात दोन आकड्यांवरून काही निघत नाही. इथे मात्र सगळ्या कार्डधारकांचे नंबर दुकानदाराच्या वहीत होते. जुळणारी घरे चार-पाच निघाली आणि त्यांतल्या एकाचेच त्याच्याशी वाजलेले होते. रात्री तो त्या घरासमोर जाऊन उभा राहिला. तक्रारदार नंतर मला विचारत होता, “सर, नाव तर टाकलंच नव्हतं, मग कळालं कसं?”

सोबत जोडलेल्या फायलीही बोलतात. कॅमेऱ्याचे लोकेशन चालू असेल तर फोटोत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की ही नोंद पुसली जाते. मेलला मूळ फोटो जोडला तर ती तशीच जाते. वर्डच्या फायलीत लेखक म्हणून त्या संगणकावर नोंदवलेले नाव येते. माझ्या वर्गात टाइप केलेल्या तक्रारीत माझ्या संस्थेचे नाव निघायचे!

यावर यूट्यूबवरचे उस्ताद व्हीपीएन, म्हणजे आपला आयपी पत्ता झाकणारी सेवा, सुचवतात. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते किमान ५ वर्षे जपायचे आहेत. गोपनीयतेसाठी नावाजलेल्या प्रोटॉनमेल या ई-मेल सेवेलाही २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील कायदेशीर आदेशामुळे फ्रान्समधल्या एका आंदोलकाचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला होता. रेशनच्या तक्रारीसाठी माणसाने किती विद्या शिकायची?

फॉरवर्डचा हा रोग ई-मेलच्या आधीपासूनचा आहे. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचाराबद्दल अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीतून झालेला खून ठरला, पण नाव फुटले होते हे खोटे नाही. त्यानंतर २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे गोपनीय तक्रारीची सोय झाली. ती तक्रार बंद पाकिटात, टपालानेच करायची असते. ई-मेलने चालत नाही. दिल्लीतल्या आयोगाला जे उमगले ते तालुक्याच्या कार्यालयाला उमगायला काय हरकत आहे? ती सोय केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरती असल्याने रेशनवाल्याविरुद्ध तिचा उपयोग नाही, हा भाग वेगळा.

माझे म्हणणे एवढेच, की तक्रारीचा मेल कोणीही फॉरवर्ड करू नये. मजकूर नव्याने टाइप करावा, त्यातून माणूस ओळखू येईल असे तपशील गाळावेत आणि पत्त्याऐवजी नुसता क्रमांक घालून खुलासा मागवावा. तहसीलच्या आवारात कुलूपबंद तक्रारपेटी लावून किल्ली तहसीलदारांनी स्वतःकडे ठेवावी. आपणही असे निवेदन छापण्याआधी त्या कार्यालयाला विचारावे, की हा मेल रोज उघडतो कोण आणि पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? कंत्राटी ऑपरेटरच्या खासगी मोबाइलवर कार्यालयाचा मेल उघडा असलेला मी पाहिला आहे.

– एक संगणक शिक्षक, सेलू (जि. परभणी)
(नाव व पत्ता संपादकांकडे)