पहिला नंबर कोणत्या शाळेचा?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, लेकीच्या शाळेवरून परवा तुम्ही म्हणालात, "पहिल्या नंबरची शाळा बघा, वेळ पडली तर घर बदला." फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथे कॅलिफोर्नियात सहावी ते आठवीची सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी वेगळी असते, आणि ती पत्त्यावरून ठरते. आम्हाला स्टेशनजवळची लागते. टेकडीकडची हवी तर तिकडे राहायला जावं लागेल. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी इंग्रजी आणि गणिताची राज्य परीक्षा होते, आणि प्रत्येक शाळेचा निकाल कुणालाही बघता येतो. ठरलेली पातळी गाठणारी मुलं टेकडीकडे खूपच जास्त आहेत. लोक तेवढंच बघतात, म्हणून तिकडची घरं महाग.

पण त्याच निकालात गटवार आकडेही असतात. 2002 मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने ते सक्तीचे केले: वंश, घरची गरिबी, अपंगत्व, इंग्रजी शिकत असलेली मुलं, सगळ्यांचे निकाल वेगवेगळे. टेकडीकडे गरीब घरची मुलं मोजकीच, स्टेशनजवळ निम्म्याहून जास्त. दोन्ही शाळांमधली फक्त हीच मुलं शेजारी ठेवली, तर फरक जवळजवळ उरत नाही. गणितात स्टेशनजवळची मुलं थोडी पुढेच आहेत. मुलांच्या निकालावर घरच्या परिस्थितीचा केवढा प्रभाव असतो, हे समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालाने इथे 1966 मध्येच दाखवलं होतं. तरी वरच्या एका आकड्यावर शिक्षकांना नावं ठेवतात, याचा मला राग येतो.

आई, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे गुण बघून तू घाबरशील. पण ज्या मुलाचं इंग्रजी पक्कं होतं ते त्या गटातून बाहेर पडतं आणि नवी आलेली मुलं आत येतात. तो गट कायम मागेच दिसणार.

बाबा, तुम्हाला आवडेल असा हिशोब पुढे आहे. एका वर्षीची सहावी घ्यायची आणि दोन वर्षांनी तीच मुलं आठवीत कुठे आहेत ते बघायचं. मधे काही मुलं येतात-जातात, त्यामुळे उत्तर ढोबळ मिळतं. 2020 ची परीक्षा कोविडमुळे झालीच नाही, ती ओळ रिकामी आहे. पण बाकीच्या बहुतेक वर्षांत स्टेशनजवळच्या शाळेतली मुलं आठवीपर्यंत वर सरकलेली दिसतात. शाळेने या दोन वर्षांत काय केलं, ते मला यात दिसतं.

म्हणून सध्या घर बदलायचा विचार नाही. मोठं कर्ज काढून टेकडीवर गेलो, तर आम्ही दोघं संध्याकाळी लेकीजवळ बसणार कधी? शाळा बघायला जायची वेळ मागितली आहे. गणिताचे शिक्षक टिकतात का, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा तास आहे का, हे तिथे विचारणार आहे. निकालात ते नसतं.

दोन्ही शाळांचे तक्ते सोबत पाठवतेय. बाबा, आधी गणिताचे बघा आणि रविवारी फोन करा.

तुमची,
ताई